झाडून जाणारी माणसं: जपानमधली एक बाग आणि हिनोकिशिन

ज्यांच्या लोकलमध्ये रेंज जाते, जे इअरफोन घरी विसरलेत, किंवा ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहून. बोलताना घातलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' बरेचसे काढलेत. सगळे नाही.

आजचा विषय एका व्हॉइस नोटमधून आला. एका श्रोत्याच्या कॉलनीशेजारी महापालिकेची लहान मुलांची बाग आहे. दोन झोके तुटलेले, घसरगुंडीखाली चिखल, कोपऱ्यात दारूच्या बाटल्या. आता तिथलं एक भक्तमंडळ म्हणतंय, ही बाग आम्ही सांभाळतो, फुकट, दर रविवारी येऊन. कॉलनीत लगेच दोन तट पडले. एक तट म्हणतो, देव पावला. दुसरा म्हणतो, आज खराटा घेऊन येतील आणि पुढच्या वर्षी बागेत मंदिर असेल. त्याने मला विचारलं, "ताई, तुमच्याकडे जपानमध्ये असं काही असतं का? आणि असलं तर भांडणं होत नाहीत का?"

असतं. माझ्या घरापासून चार मिनिटांवर असतं. आणि भांडण का होत नाही, हे समजून घ्यायला मला बरंच वाचावं लागलं, त्यामुळे आजचा भाग थोडा लांब आहे.

आधी बागेबद्दल. जपानमध्ये गल्लीबोळात छोट्या छोट्या बागा दिसतात, त्यांना 'गाइकु कोएन' म्हणतात, म्हणजे वस्तीची बाग. एका बागेचं ठरलेलं माप असतं पाव हेक्टर, आपल्या भाषेत साधारण पंचवीस गुंठे. आणि घरापासून अंतर २५० मीटरच्या आत, म्हणजे लहान मूल रस्ता फारसा न ओलांडता चालत जाईल इतकं. १९९३ पर्यंत यांचं अधिकृत नावच 'मुलांची बाग' होतं आणि नियमच होता की झोका, घसरगुंडी आणि वाळूचा हौद या तीन गोष्टी असल्याच पाहिजेत. नंतर तो नियम काढला, कारण वस्त्यांत म्हातारी माणसं वाढली आणि त्यांनाही बसायला जागा हवी होती. पण जुन्या बागांत ती तिन्ही खेळणी अजून आहेत. आमच्याही.

आता एक गोष्ट सांगते जी भारतातून येणाऱ्या कुणालाच पटत नाही. या बागांना बहुतेक ठिकाणी माळी नसतो, वॉचमन नसतो, कचऱ्याचा डबासुद्धा नसतो. महापालिका झाडं छाटते, खेळणी दुरुस्त करते, आणि २०१८ पासून खेळण्यांची वर्षातून किमान एकदा तपासणी कायद्याने बंधनकारक आहे. पण रोजचा पाचोळा, तण, वाळूत पडलेली काच, बाकाखालच्या सिगारेटी? हे काम बऱ्याच ठिकाणी वस्तीतली माणसंच करतात. कुठे वस्तीचं मंडळ असतं, कुठे ज्येष्ठ नागरिकांचा गट. योकोहामासारख्या शहरांत बहुतेक बागांचं स्वतंत्र 'आइगोकाइ' असतं, म्हणजे बाग जपणारं मंडळ. महापालिका पिशव्या देते, हातमोजे देते आणि भरलेल्या पिशव्या उचलून नेते.

आमच्या बागेत वस्तीचं मंडळ आहेच, पण त्यांच्या जोडीला काही माणसं काळा सुती कोट घालून येतात. कोट म्हणजे 'हाप्पी', उत्सवात घालतात तसला आखूड, मोकळ्या बाह्यांचा. पाठीवर पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं असतं: तेनरीक्यो.

तेनरीक्यो हा जपानमधला एक धर्म आहे. बौद्ध नाही, आणि आज स्वतःला शिंतोही म्हणवत नाही. १८३८ मध्ये नाकायामा मिकी नावाच्या एका शेतकरी घरातल्या बाईने तो सुरू केला. वय चाळीस, पदरात मुलं, मोठं घराणं. तिने घरातलं होतं नव्हतं ते वाटून टाकलं आणि शिकवायला सुरुवात केली. सरकारने तिला म्हातारपणी पुन्हा पुन्हा तुरुंगात टाकलं. १८८७ मध्ये ती गेली. तिचं गाव नारा प्रांतात होतं. आज तिथे तेनरी नावाचं शहर आहे, आणि शहराचं नाव धर्मावरून पडलंय, उलटं नाही.

त्यांची शिकवण दोन मिनिटांत सांगायची तर दोन कल्पना पुरतात. पहिली, शरीर आपलं नाही. ते देवाने उधार दिलंय, आणि आपण ते वापरतोय. मन तेवढं आपलं. दुसरी, मनावर धूळ बसते. लोभ, कंजूषपणा, द्वेष, राग, गर्व, अशा आठ प्रकारच्या धुळी ते मोजतात. आपले षड्रिपू सहा, यांचे आठ, दोन जास्तच. पण 'रिपू' आणि 'धूळ' यात मला मोठा फरक वाटतो. शत्रूशी लढावं लागतं. धुळीशी काय लढणार? ती रोज बसते, रोज झाडायची. त्यांच्या प्रार्थनेतसुद्धा हाताने झाडल्यासारखी एक हालचाल आहे.

आता हे दोन्ही एकत्र करा. शरीर उधारीचं आहे आणि ते आज चालतंय, तर त्याबद्दलचे आभार कसे मानायचे? शरीरानेच. याला ते 'हिनोकिशिन' म्हणतात. 'हि' म्हणजे दिवस आणि 'किशिन' म्हणजे देवळाला दिलेलं दान. रोजचं दान. पैसे असोत नसोत, हातपाय आहेत ना? तेनरीच्या मुख्य देवळाभोवती लाकडी ओसरी आहे, एक फेरी साधारण ८०० मीटरची. भक्त गुडघ्यांवर बसून ती फडक्याने पुसत पुसत पुढे सरकतात. मी एकदा पाहायला गेले होते. पुसायला कुणी सांगत नाही, कुणी हजेरी घेत नाही. फरशी आधीच इतकी चकचकीत असते की पुसायला काही शिल्लकच नसतं. तरी पुसतात.

देवळात हे ठीक. बागेत कुठून आलं? १९३२ पासून हे लोक वर्षातला एक दिवस सगळे मिळून बाहेर पडतात. आता तो दिवस २९ एप्रिल. सरकारी सुट्टी असते आणि लांब सुट्ट्यांचा आठवडा तिथून सुरू होतो. सगळं जपान फिरायला निघालेलं असतं आणि हे लोक बागेत, नदीकाठी, स्टेशनसमोर, समुद्रकिनाऱ्यावर तण उपटत बसलेले असतात. आमच्याकडे मात्र ते फक्त त्या दिवशी येत नाहीत, महिन्यातून एकदा येतात. मला महत्त्वाचं वाटतं ते हे महिन्यातून एकदा येणं. एका दिवसाची स्वच्छता मोहीम कुणीही करतं. आपल्याकडे तर फोटोग्राफर आधी येतो आणि खराटा नंतर.

बागेचं काम किती चिवट असतं, हे मला त्यांच्याबरोबर दोन-चार वेळा बसल्यावर कळलं. एप्रिलच्या शेवटी मला वाटायचं वसंत आहे, पाचोळा कुठला? तर आमच्या बागेत कापराचं मोठं झाड आहे, आणि कापूर जुनी पानं शरदात टाकत नाही, नवी पालवी फुटताना टाकतो. म्हणजे बरोबर याच दिवसांत. चेरीची फुलं जाऊन जमीन जरा दिसायला लागते तोवर कापराचा थर. मग जूनमध्ये त्यांचा पावसाळा. तण त्या वेळी वाढतं, पण उपटायलाही तीच वेळ बरी, कारण माती मऊ असते आणि मूळ सबंध निघतं. उन्हाळ्यात तेच तण उपटायला गेलात तर वरचा शेंडा हातात आणि मूळ जमिनीत. दोकुदामी नावाचं एक उग्र वासाचं तण आहे, त्याचा मुळाचा तुकडा राहिला तरी पंधरा दिवसांत परत हजर.

आणि वाळूचा हौद. आईबाप त्याला सर्वांत जास्त घाबरतात, कारण मांजरांना तो फार आवडतो. कशासाठी, ते सांगत नाही. त्यामुळे रात्री जाळी घालायची, सकाळी काढायची, आणि महिन्यातून एकदा दंताळ्याने वाळू खालीवर करायची. असं केलं की ऊन आत जातं, वाळू घट्ट होत नाही आणि काच-बिच असेल तर वर येते. एक आजी हे काम करतात, सत्तरीच्या पुढच्या. छोट्या स्टुलावर बसून अर्धा तास वाळू चाळतात. मी त्यांना विचारलं होतं की तुमची नातवंडं इथे खेळतात का. त्या म्हणाल्या, नातवंडं तोक्योला असतात, वर्षातून एकदा येतात. मग त्यांनी मला दंताळं कसं धरायचं ते दाखवलं, कारण मी चुकीचं धरलं होतं.

ही माणसं एक काम मात्र कधीच करत नाहीत. झोक्याची साखळी गंजलेली दिसली, नट ढिला दिसला, तर ते पाना घेऊन पुढे होत नाहीत. महापालिकेला फोन करतात आणि झोका बांधून ठेवतात. हौशी माणसाने घट्ट केलेला नट सुटला आणि मूल पडलं तर जबाबदार कोण, हा प्रश्न इथे आधीच सोडवून ठेवलाय. झाडण्याचं काम भक्तांचं, खेळण्याची सुरक्षा पालिकेची.

आता येऊ मूळ प्रश्नावर, भांडणावर.

जपानी माणसं धर्माच्या बाबतीत बेफिकीर असतात असं आपल्याला वाटतं. नवीन वर्षाला शिंतो देऊळ, अंत्यविधी बौद्ध, लग्न चर्चसारख्या हॉलमध्ये. पण संघटित पंथ म्हटलं की ती सावध होतात, आणि त्याला कारण आहे. २० मार्च १९९५ रोजी ओम शिनरीक्यो नावाच्या पंथाने तोक्योच्या मेट्रोत सारिन हा विषारी वायू सोडला. माणसं मेली, हजारो जखमी झाली. २०२२ मध्ये माजी पंतप्रधान शिंझो आबे यांची हत्या झाली तेव्हा मारेकऱ्याचा राग एका पंथावर होता, ज्याला दान देता देता त्याच्या आईने घर बुडवलं होतं. तेनरीक्योचा यातल्या कशाशीही संबंध नाही. पण मुलांच्या बागेत एखाद्या धर्माचं नाव पाठीवर घेऊन माणसं येतात, तेव्हा आईबापांच्या मनात पाल चुकचुकणार, हे स्वाभाविक आहे. माझ्याही मनात चुकचुकली होती. पहिल्यांदा त्यांना पाहिलं तेव्हा मी लेकीचा हात जरा घट्ट धरला, खोटं कशाला सांगू.

मग मी काय पाहिलं? पत्रक नाही. मुलांना खाऊ नाही. लाऊडस्पीकर नाही. कुणी विचारलं तर सांगतात, नाही विचारलं तर तण उपटतात. आणि दीड तासाने सगळे जातात तेव्हा बागेत त्यांची एकही वस्तू उरत नाही. पाटी नाही, फलक नाही, 'सौजन्य' नाही. पाठीवरचं नाव पाठीबरोबर घरी जातं.

यात त्यांचा स्वभाव आहे आणि कायदाही आहे. जपानच्या राज्यघटनेत कलम २० आणि कलम ८९ अशी दोन कलमं आहेत. युद्धाआधी सरकार आणि शिंतो यांची जी गाठ पडली होती, ती पुन्हा पडू नये म्हणून आलेली. २० म्हणतं, सरकारने धार्मिक काम करायचं नाही. ८९ म्हणतं, सार्वजनिक पैसा किंवा मालमत्ता धार्मिक संस्थेच्या वापरासाठी द्यायची नाही. म्हणजे भक्ताने बागेला घाम द्यायला मनाई नाही. बागेने भक्ताला जमीन द्यायला आहे.

हे कागदावरचं वाटत असेल तर नाहा शहराची गोष्ट ऐका. ओकिनावातलं नाहा. तिथे मात्सुयामा नावाची सार्वजनिक बाग आहे आणि त्या बागेत कन्फ्युशियसचं एक मंदिर. काही शतकांपूर्वी चीनमधून आलेल्या कुटुंबांच्या वंशजांची संस्था ते चालवते, आणि शहराने त्यांना जागेचं भाडं माफ केलं होतं. शहराचं म्हणणं, हा सांस्कृतिक वारसा आहे, पर्यटक येतात. एका नागरिकाने कोर्टात दाद मागितली. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की ही भाडेमाफी घटनेच्या विरुद्ध आहे. १५ न्यायाधीशांपैकी १४ एका बाजूला. मंदिर वाईट आहे असं कुणी म्हटलं नाही. सगळ्यांच्या बागेतली जागा एकाच्या पूजेसाठी फुकट देता येत नाही, एवढंच.

माझ्या मते भांडण न होण्याचं खरं कारण इथे आहे. रेघ आधीच स्पष्ट आहे, म्हणून कुणाच्या श्रद्धेवर संशय घ्यावा लागत नाही. आजींच्या मनात काय आहे हे मला तपासायची गरज नाही. त्या गेल्यावर जमिनीवर काय उरलं, तेवढं पाहिलं की झालं.

आपल्याकडे हे अगदीच परकं आहे असं मात्र नाही. गाडगेबाबा गावात शिरले की आधी रस्ते झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे. क्रम लक्षात घ्या, आधी खराटा. गाव सोडताना मागे काही ठेवत नसत. गुरुद्वारांतली कारसेवा, स्वाध्याय परिवाराची वृक्षमंदिरं, जिथे भक्त पाळीपाळीने झाडांचे पुजारी म्हणून जातात, या सगळ्यांत तीच ताकद आहे: आठवड्याला ठरलेल्या वेळी जमणारी माणसं. महापालिकेचं कंत्राट संपतं, एनजीओचा निधी आटतो, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचा उत्साह तिसऱ्या रविवारी मावळतो. रोप लावणं एका दिवसाचं काम आहे, पण त्याला दुसऱ्या उन्हाळ्यातही पाणी घालायला कोण येणार, हा खरा प्रश्न. नियमाने जमणारं भक्तमंडळ येऊ शकतं. म्हणून माझं मत सरळ आहे. तुमच्या बागेला कुणी हात देत असेल तर केवळ भक्त आहेत म्हणून त्यांना परत पाठवू नका.

पण त्या दुसऱ्या तटाला वेड्यात काढू नका. त्यांनी ते पाहिलेलं असतं. आपण सगळ्यांनी पाहिलंय. आधी झाडाखाली एक तसबीर, मग फरशी, मग वर पत्रा, मग घंटा, मग उत्सव, आणि मग झोका हलवा, मंडपाला जागा हवी. यात वाईट हेतू असलेला एकही माणूस शोधून सापडणार नाही. प्रत्येक पायरी कुणीतरी प्रेमानेच चढलेलं असतं. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २००९ रोजी आदेश दिलाय की सार्वजनिक रस्ते, सार्वजनिक बागा आणि अशा इतर जागांवर मंदिर, मशीद, चर्च, गुरुद्वारा यांच्या नावाने कोणतंही अनधिकृत बांधकाम होऊ द्यायचं नाही. आदेशात बागांचा उल्लेख स्पष्ट आहे. म्हणजे रेघ आपल्याकडेही आहे. ती तसबिरीच्या पायरीला आठवावी लागते. घंटेच्या पायरीला आठवली की दंगल होते.

तर ज्या दादाने व्हॉइस नोट पाठवली त्याला माझं सांगणं: मंडळाच्या लोकांबरोबर चहा प्या आणि महापालिकेच्या उद्यान विभागात एकत्र जा. जे ठरेल ते लेखी आणि मुदतीचं घ्या, दर वर्षी नव्याने करायचं. फाटकाची किल्ली एकट्या मंडळाकडे नको. पाटी लावायचीच असेल तर बागेच्या वेळांची लावा. खेळण्यांना हात पालिकेनेच लावायचा. आणि सगळ्यात उपयोगी म्हणजे तुम्हीही रविवारी जा, खुरपं घेऊन. दहा भक्तांबरोबर चार न-भक्त असले की बाग कुणा एकाची होत नाही. इथेही वस्तीचं मंडळ आणि हाप्पीवाले एकाच दिवशी येतात. सुरुवातीला हा योगायोग वाटला होता. तो नाही, वस्तीच्या मंडळाने मुद्दाम तसं ठरवलंय.

आता इथली एक काळजी, जी तुमच्याकडे अजून नाही. बागेत येणारे हे हात म्हातारे आहेत. तेनरीक्योचे आणि वस्तीच्या मंडळाचेही. २०१६ मध्ये जपानमध्ये जन्मलेल्या मुलांची संख्या पहिल्यांदा दहा लाखांच्या खाली गेली, २०२३ मध्ये ती ७.२७ लाखांवर आली. बागेत मुलं कमी झाली की त्यांचा आवाज टोचायला लागतो. नागानो शहरात आवाजाच्या तक्रारींनंतर २०२३ मध्ये मुलांची एक बागच बंद झाली, देशभर त्यावर चर्चा झाली. आमच्या बागेत अजून कुणी तक्रार केलेली नाही. पण गेल्या वर्षी हाप्पी घालून अकरा जण यायचे, आता सात येतात. वाळू चाळणाऱ्या आजींचा गुडघा दुखतोय, त्यामुळे हौदाचं काम सध्या माझ्याकडे आहे. मी हाप्पी घालत नाही, त्यांनी कधी घाल म्हटलेलं नाही. दंताळं मात्र त्यांचंच वापरते.

पुढचा भाग पंधरा दिवसांनी. व्हॉइस नोट पाठवत राहा, पण मर्यादा दोन मिनिटांची आहे. मागच्या वेळी एकाने अकरा मिनिटांची पाठवली होती. पूर्ण ऐकली, आणि त्यातलाच प्रश्न पुढच्या भागात घेतेय.